बिनखड्याची अंगठी

बेने इस्रायली मित्राच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सिनेगॉगमध्ये गेलो होतो. नवऱ्या मुलाने तिच्या उजव्या तर्जनीत अंगठी घातली, तशी आमची सौ. पुटपुटली, "अगंबाई, नुसतं वळं! एक खडासुद्धा नाही?"

ज्यांना नवरी दिसत नाही, खडा दिसतो, त्यांच्याशी कोण वाद घालणार? पण मी घातलाच. अहो, हा कंजूषपणा नव्हे! ज्यू शास्त्रात अंगठी ही काही शोभेची खूण नाही. ती मोलाची वस्तू. दोन साक्षीदारांदेखत वधूने पत्करली की झालं. खड्याची खरी किंमत भल्याभल्यांना कळत नाही. वधूची फसगत नको म्हणून खडा नको, असा 12व्या शतकातल्या रब्बेनू ताम या फ्रान्समधल्या पंडिताचा खुलासा. आणि मोल तरी किती? शम्माईचे शिष्य चांदीच्या दिनारावर अडून बसले. हिलेलचे शिष्य म्हणाले, एक पेरुता पुरे. म्हणजे तांब्याचं अगदी चिल्लर नाणं! हिलेलवाल्यांचंच चाललं. अंगठी उसनी मात्र चालत नाही, स्वतःचीच हवी.

सौ.ने आपल्या बोटातल्या पुष्कराजाकडे पाहिलं. तो खरा की काच, हे तिने 30 वर्षांत विचारलेलं नव्हतं.

त्या दिवशी विचारलं.