अंगठ्यालाही हवा सव्वा महिना

गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हटलं की लोक हळू आवाजात चौकशी करतात, शहाळी घेऊन भेटायला येतात. पायाच्या अंगठ्याचं म्हटलं की हसतात. ‘‘एवढ्याशा अंगठ्याचं कसलं गं ऑपरेशन?’’ मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्याचं उत्तर लिहूनच टाकते.

अंगठा लहान असेल, पण त्याचं काम लहान नाही. चालताना टाच उचलली की अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा वाकतो आणि शरीर पुढे जातं. स्टेशनचा जिना चढताना, उकिडवं बसून लादी पुसताना, वरच्या फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर उभं राहताना तोच सांधा वाकत असतो. त्यातली कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं, वर टेंगूळ येतं आणि अंगठा ताठ होतो. डॉक्टरी भाषेत ‘हॅलक्स रिजिडस’. सुरुवातीला गोळ्या आणि कडक तळव्याच्या, पुढून ऐसपैस चपला यांवर भागतं. नाही भागलं तर वाढलेलं हाड तासून काढतात. सांधा पारच गेला असेल तर दोन्ही हाडं स्क्रूने किंवा पट्टीने कायमची जोडून टाकतात. माझं हे दुसरं झालं. आता तो सांधा वाकत नाही, पण दुखतही नाही.

खरी परीक्षा असते ती नंतर. हाडं एकमेकांना धरायला साधारण सहा आठवडे लागतात, पुरती जुळायला त्याहून जास्त. तोवर पाय उशांवर उंच ठेवायचा. चालायचं ते खास बुटात, टाचेवर भार देऊन, तेही गरजेपुरतं. सूज तर पुढे कित्येक महिने रेंगाळते. म्हणजे इथे विश्रांती हाच उपचार आहे.

आणि नेमकं इथेच बाईचं गाडं अडतं. घरची माणसं वाईट नसतात हो! पण ‘‘पाय वर घेऊन बस’’ म्हणणारेच दहा मिनिटांनी ‘‘अगं, साखरेचा डबा कुठाय?’’ म्हणून विचारतात.

खरं तर इतके दिवस बाईने पडून राहणं आपल्याकडे नवं नाही. बाळंतिणीला सव्वा महिना जपायची रीत आपल्या आज्यांनी पाळलीच की! मग तेवढेच दिवस पंचेचाळिशीतल्या बाईला का जड जावेत? की ती विश्रांती बाळासाठीच होती, बाईसाठी नव्हती?

कायद्यालाही हे कळतं. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण आमच्या महिला मंडळात येणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांचं काय? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. तरी आजारपणातली पगारी रजा अजून मालकिणीच्या मनावरच असते. त्यातली एक ताई गेली तीन वर्षं ताठ अंगठा घेऊन जिने चढतेय. ती ऑपरेशनला घाबरत नाही, पुढच्या सहा आठवड्यांना घाबरते.

तेव्हा मैत्रिणींनो, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरात सगळ्यांना बसवून कामं वाटून द्या. सकाळचा डबा कोण करणार, बाजार कोण आणणार, लिफ्ट नसेल तर तेवढे दिवस कोणाकडे राहायचं, हे आधी ठरू दे. आणि तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईवर ही वेळ आली, तर तिचे सहा आठवडे खाडे म्हणून कापू नका. चारही घरांनी आपापला पगार चालू ठेवला, तर तिलाही पाय वर घेऊन निवांत पडता येईल.