खुर्ची वाटायची नाही, मापून द्यायची!

पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात, २८ ऑगस्ट २०२४ रोजी, भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता. एक भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसरी आपल्या मराठवाड्याची, नांदेड जिल्ह्यातली गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. भाग्यश्री एफ-३४ गटात खेळते. स्नायूंवर पुरेसा ताबा नसलेले खेळाडू या गटात बसून फेक करतात. २०२३ मध्ये हांगझो येथे झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले होते.

बसून फेकण्याची बैठक जमिनीला घट्ट बांधलेली असते. गादीसकट तिची उंची ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. खेळाडूचे पायही पट्ट्याने बांधता येतात. एवढा खटाटोप का? कारण हाताचा जोर कंबरेतून सुरू होतो. कंबर हलली की जोर वाया जातो. रोज वापरायच्या व्हीलचेअरलाही हाच नियम लागू आहे, पण तिथे आपण तो विसरतो.

काही महिन्यांपूर्वी जालना जिल्ह्यातल्याच एका गावातला अठरा वर्षांचा मुलगा आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला. झाडावरून पडून मणक्याला इजा झालेली, कंबरेखाली संवेदना नाही. खांदे मात्र पैलवानाचे. त्याला थाळीफेकीत उतरायचे होते. एका शिबिरात त्याला नवी कोरी खुर्ची मिळाली होती. बैठक अठरा इंच रुंद आणि मुलगा चौदा इंचांचा! तो सतत एका बाजूला कलायचा. चाकापर्यंत हात नेताना खांदे पसरावे लागत, म्हणून ते दुखू लागले. कापडी बैठकीला मधोमध झोळ पडला आणि बसायच्या हाडावर दाबजखम झाली. संवेदना नसल्याने त्याला ती कळलीच नाही, आईला कपड्यावर डाग दिसला तेव्हा कळली. जखम भरेपर्यंत त्याला पालथे झोपून राहावे लागले आणि निवड चाचणी हुकली.

हा दोष त्या मुलाच्या अपंगत्वाचा नव्हता. दोष होता चार इंचांचा.

आमच्या फिजिओथेरपिस्टने बैठकीखाली प्लायवूडची फळी टाकली, वर जाड गादी दिली, दोन्ही बाजूंना फोम भरला आणि पाय टेकवायची पट्टी वर घेतली. खर्च किरकोळ. ही तात्पुरती सोय आहे. त्याला हवी ती त्याच्या मापाची, वजनाने हलकी खुर्ची. तरीही आता तो स्वतः पलंगावरून खुर्चीत येतो, अंगणातून रस्त्यावर जातो आणि सरावाला जाताना फक्त चढाला कुणाचा तरी हात मागतो. पूर्वी प्रत्येक वेळी वडिलांना शेतातले काम टाकून यावे लागे.

चष्मा आपण नंबर तपासल्याशिवाय देत नाही. मग खुर्ची का देतो? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअरबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत खुर्ची देण्याचे आठ टप्पे सांगितले आहेत. तपासणी, नेमकी शिफारस, अंगाला बसवून पाहणे, वापरण्याचे प्रशिक्षण आणि नंतरची देखभाल हे त्यांतले मुख्य. आपल्याकडे बहुतेकदा वाटप होते, फोटो निघतो आणि गाडी पुढच्या तालुक्याला जाते. वास्तविक १९८१ पासून चालू असलेल्या केंद्राच्या एडिप योजनेच्या नावातच साधनांच्या खरेदीबरोबर ती ‘बसवून देण्याचा’ उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळात भाग घेण्याचा हक्कही मान्य केला आहे. तेव्हा किती खुर्च्या वाटल्या, हा आकडा पुरेसा नाही. किती मापून दिल्या आणि सहा महिन्यांनी किती वापरात आहेत, हे विचारायला हवे. वाढत्या वयाच्या मुलांचे माप तर दर सहा महिन्यांनी पाहायलाच हवे.

घरच्यांना एवढे तपासता येईल. कमरेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा असावी. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांच्यात दोन बोटे मावावीत. पाय लोंबकळू नयेत आणि गुडघे वरही येऊ नयेत. हात चाकाच्या माथ्यावर ठेवला की कोपर काटकोनापेक्षा थोडे जास्त उघडलेले असावे. पाठ टेकायचा भाग खांद्याच्या फऱ्याला अडवत नसावा. मात्र ज्याला बसताना तोल सांभाळता येत नाही, त्याला उंच आधार लागतो. दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलका करावा. रोज रात्री आरसा धरून त्वचा पाहावी. लाल डाग दाबल्यावरही फिका होत नसेल, तर त्यावर बसू नये आणि लगेच दवाखाना गाठावा.

खुर्ची शिबिरात मिळणार असेल, तर सही करण्यापूर्वी त्यात बसून पाहा. बसत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. फुकट मिळालेली वस्तू नाकारायला आपल्याला संकोच वाटतो, पण चुकीची खुर्ची फुकट पडत नाही. तिची किंमत खांदे आणि कातडी मोजतात, आणि कधी कधी हातातली एक संधीही.