ई-पीक पाहणी: आपल्या शेताचे दोन आकडे वाचता यायलाच हवेत

शेत आपले, पीक उभे, फोटोही बांधाच्या आत उभे राहूनच काढलेला. तरी ॲप सांगते की तुम्ही निवडलेल्या गटापासून दूर आहात. पीक पाहणीच्या दिवसांत ही तक्रार नेहमी ऐकायला मिळते. काही जण कंटाळून नोंद अर्धवट सोडतात. त्याची किंमत पुढे हमीभाव खरेदी केंद्रावर किंवा पीकविम्याच्या वेळी मोजावी लागते.

बदल काय झाला?

राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकरी स्वतः मोबाईलवर पीक नोंदवू लागले. 2022 च्या खरिपात गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये आले आणि फोटो काढलेली जागा तिथून किती दूर आहे ते दिसू लागले. आता ॲग्रिस्टॅकमध्ये गाव नकाशेही अक्षांश-रेखांशाला जोडले जात आहेत. म्हणजे नुसता गट नंबर पुरेसा नाही, जागाही जुळावी लागते.

दोन आकडे काय सांगतात?

नववीच्या गणितात निर्देशक भूमिती आहे. दोन अक्ष एकमेकांना छेदतात, तिथे आरंभबिंदू. तिथून आडवे किती आणि उभे किती, हे सांगितले की कागदावरचा बिंदू सापडतो. पृथ्वीवर विषुववृत्त हा आडवा अक्ष आणि ग्रीनिचची रेषा हा उभा अक्ष. अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडे किती, रेखांश म्हणजे ग्रीनिचपासून पूर्वेकडे किती.

घरातल्या नववीच्या मुलाची मदत घेताना एक फरक लक्षात ठेवा. शाळेत आधी आडवा आकडा लिहितात, मग उभा. मोबाईलवर सहसा आधी अक्षांश, म्हणजे उभा आकडा येतो.

नेहमी होणाऱ्या तीन चुका

- आकड्यांची अदलाबदल: महाराष्ट्रात अक्षांश साधारण 15.6 ते 22.1 आणि रेखांश 72.6 ते 80.9 या दरम्यान असतात. लहान आकडा अक्षांश, मोठा रेखांश. 19.5 आणि 75.2 उलटे लिहिले, तर शेत नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.
- मिनिटांना दशांश समजणे: 19 अंश 30 मिनिटे म्हणजे 19.30 नव्हे, 19.50. मिनिटांना 60 ने भागावे लागते. ही चूक झाली तर जागा सुमारे 22 किलोमीटर सरकते.
- शेवटचे अंक सोडणे: 19.50247 ऐवजी 19.50 लिहिले, तर सुमारे 275 मीटरचा फरक पडतो.

किती फरक म्हणजे किती मीटर?

अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा. म्हणून दशांशानंतरच्या चौथ्या अंकात 1 चा फरक म्हणजे साधारण 11 मीटर. रेखांशात आपल्याकडे तोच फरक साधारण साडेदहा मीटर भरतो.

समजा, गटाचा मध्यबिंदू 19.5024, 75.2136 आहे आणि तुम्ही 19.5030, 75.2136 वर उभे आहात. फरक 0.0006, म्हणजे तुम्ही मध्यबिंदूच्या उत्तरेला सुमारे 66 मीटरवर आहात. चौरस एक एकराची बाजू सुमारे 64 मीटर असते. मध्यापासून बांध 32 मीटरवर, म्हणजे तुम्ही शेजाऱ्याच्या रानात आहात. तोच गट चौरस पाच एकरांचा असेल, तर मात्र तुम्ही आतच आहात.

चूक दर वेळी शेतकऱ्याची नसते

मध्यबिंदू संपूर्ण गटाचा असतो, एका खातेदाराच्या वाट्याचा नव्हे. गटात चार भावांचे हिस्से असतील आणि तुमचा हिस्सा टोकाला असेल, तर अंतर जास्त दिसणारच. लांबोळक्या पट्टीतही तेच होते. मोबाईलचे जीपीएस उघड्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे दाखवते. झाडाखाली किंवा शेडमध्ये जास्त. वीस मीटर रुंदीच्या पट्टीत एवढ्यानेही बिंदू बांधापलीकडे जाऊ शकतो. शिवाय गाव नकाशाच सरकलेला असेल, तर शेतकऱ्याने कितीही जपून फोटो काढला तरी जागा जुळत नाही. नोंदीची जबाबदारी शेतकऱ्यावर टाकली असताना, नकाशातली चूक शोधण्याचा भारही त्याच्यावरच पडू नये.

काय करावे?

1. मोबाईलचे लोकेशन चालू करून उघड्यावर एक-दोन मिनिटे थांबा, आकडे स्थिर झाल्यावर फोटो काढा.
2. फोटो बांधावरून नको, पिकात आत जाऊन काढा.
3. शेताच्या चारही कोपऱ्यांचे आणि विहिरीचे अक्षांश-रेखांश एकदाच वहीत उतरवून ठेवा.
4. शेतात उभे असूनही ॲप दुसरा गट दाखवत असेल, तर स्क्रीनशॉट ठेवा आणि मुदत संपण्याआधी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोहोच घ्या. हद्दीचाच वाद असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.

कृषी सहाय्यकांनी शिवारफेरीत हे चार कोपरे प्रत्यक्ष उतरवून दाखवले, तर अर्ध्या तासात काम होते. एकाच शिवारातल्या सगळ्यांचे बिंदू एकाच दिशेला सरकलेले दिसले, तर दोष नकाशात असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सर्वांनी मिळून एकच अर्ज, सगळ्यांचे आकडे जोडून द्यावा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा असा अर्ज बाजूला सारणे अवघड जाते.