माशाला खरंच आरओ हवाय?

गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, मालगुजारांच्या नावावरून पडलेले मामा तलाव, नवेगावबांधचं पसरलेलं पाणी, त्यात पिढ्यानपिढ्या जाळं टाकणारे ढिवर. मासा आपल्याकडे नवा नाही. नवा आहे तो काचेतला मासा. मुर्रीसारख्या शहराला लागून असलेल्या गावात रूम करून राहणारं पोरगं पहिली दोन फुटी टँक आणतं, चार गप्पी, दोन गोल्डफिश सोडतं. पंधरा दिवसांत एखादा मासा मरतो. मग कुणीतरी सांगतं, "भाऊ, नळाचं पाणी चालत नाही, आरओचं टाक." आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो.

आधी हिशेब करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी मावतं. दर आठवड्याला त्यातलं पाव पाणी बदलायचं, म्हणजे १२ लिटर. घरगुती आरओ एक लिटर पाणी गाळताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. म्हणजे आठवड्याला ३६ लिटर गेले. वर्षाचे झाले जवळपास १,९०० लिटर. वीस लिटरचे नव्वदहून जास्त जार! आणि टँकमध्ये पडलं किती? सव्वासहाशे लिटरच्या आतच.

बरं, हा खर्च माशाच्या भल्यासाठी तरी होतो का? बहुतेक वेळा नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी हे क्षार असलेल्या पाण्यात खूश राहणारे मासे आहेत. मॉली तर अगदी मऊ पाण्यात आजारी पडते. गोल्डफिशलाही थोडं जड पाणी मानवतं. दुकानात मिळणारे बाकीचे बरेच मासे फार्मवर वाढलेले असतात आणि साध्या नळाच्या पाण्याला जुळवून घेतात. खरंच मऊ पाणी लागतं ते डिस्कससारख्या नाजूक माशांना किंवा काही शोभेच्या झिंग्यांना. आपल्यापैकी किती जणांकडे डिस्कस आहे?

उलट नुसतं आरओचं पाणी धोक्याचं ठरू शकतं. पाण्यातले कार्बोनेट क्षार पीएच सांभाळून धरतात. आरओ ते काढून टाकतो. मग टँकमध्ये घाण साचून आम्लता वाढायला लागली की पीएच धाडकन खाली येतो. त्यावर उपाय म्हणून दुकानदार मिनरलची बाटली देतो. म्हणजे आधी पैसे देऊन क्षार काढायचे आणि परत पैसे देऊन तेच क्षार टाकायचे. खिशाला दोनदा कात्री.

मग मासे मरतात कशाने? नवख्याच्या टँकमध्ये नेहमी दोन संशयित असतात. पहिला क्लोरीन. नळाच्या पाण्यात तो असतोच, आपल्या पोटासाठी तो हवाही असतो, पण माशाच्या कल्ल्यांना झोंबतो. त्याला आरओ लागत नाही. उघड्या बादलीत पाणी २४ तास ठेवा, एअर पंपाची नळी सोडली तर आणखी चांगलं. घाई असेल तर दुकानात मिळणाऱ्या अँटी-क्लोरीनचे थेंब पुरतात. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, फोटोग्राफीतलं जुनं हायपो. बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यात क्लोरीन नसेल, पण ऑक्सिजन कमी असतो, म्हणून तेही रात्रभर हवा देऊन मगच टाका.

दुसरा संशयित अमोनिया. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून तो तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला नव्या टँकला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण पहिल्याच दिवशी दहा मासे सोडतो. वरून स्पंज नळाखाली खसाखसा धुतो, म्हणजे क्लोरीनने ते बिचारे जिवाणूही साफ. स्पंज टँकमधून काढलेल्या जुन्याच पाण्यात पिळा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. मासे कमी ठेवा, हायड्रिलासारखी पाणवनस्पती लावा. पाणी कमी घाण होईल, म्हणजे कमी बदलावं लागेल. पाणी वाचवायची सुरुवात इथून होते. मशीनचा नंबर नंतर.

आता ज्यांना खरंच आरओ लागतो त्यांच्यासाठी. आधी मोजा. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, चार मित्रांत एक घेतला तरी चालतो. मात्र मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो. पाणी किती जड आहे किंवा त्यात अमोनिया किती, हे तो सांगत नाही. जडपणा काढायची ईडीटीए टायट्रेशनची पद्धत तर आपण बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला करतोच. जर्नलमध्ये रीडिंग लिहून सोडण्यापेक्षा एकदा आपल्याच रूमच्या नळाचं पाणी बाटलीत भरून न्या ना!

मोजल्यावर मिसळा. समजा नळाचा टीडीएस ३०० आहे आणि माशाला १५० हवा. मग सगळं पाणी आरओचं कशाला? निम्मं नळाचं, निम्मं आरओचं घेतलं की काम झालं, आणि वाया जाणारं पाणी थेट निम्म्यावर. रिजेक्टची नळी मोरीत न सोडता ड्रममध्ये सोडा. ३०० टीडीएसच्या पाण्यातला पाव भाग गाळून निघाला तर रिजेक्टचा टीडीएस ४०० च्या आसपास येतो. म्हणजे ते काही विष नाही. फरशी पुसायला, संडासात टाकायला, गाडी धुवायला ते चालतं. मीटरवर आकडा फार वर नसेल तर झाडांनाही चालतं. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर वेळेवर बदला. क्लोरीनपासून मेम्ब्रेनला वाचवतो तो कार्बनच. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलात तर हजारोंचं मेम्ब्रेन जाईल. आणि रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळून पाणी वाचवायचा जुगाड करू नका, मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसतो.

आपल्याकडे याहून स्वस्त उपाय आभाळातून येतो. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा चौरस मीटर छतावर हा हिशेब १३,००० लिटरचा होतो. पाव भाग वाया गेला तरी साडेनऊ हजारांवर उरतो. पहिल्या एक-दोन सरी वाहू द्या, गंजलेल्या पत्र्यावरचं पाणी घेऊ नका, ड्रम झाकून ठेवा नाहीतर डासांची सोय होईल. पावसाचं पाणी आरओसारखंच मऊ असतं, म्हणून तेही नळाच्या पाण्यात मिसळूनच वापरायचं. टँकमधून काढलेलं जुनं पाणी कुंड्यांना द्या, नायट्रेट झाडांना खतासारखं लागतं. पण औषध किंवा मीठ टाकलेलं पाणी झाडांना नको. आणि ते तलावातही ओतू नका. परक्या गोगलगायी आणि माशांची पिल्लं तिथे गेली की परत काढता येत नाहीत.

कुणी म्हणेल, "धानाच्या बांधीला एवढं पाणी लागतं, माझ्या ३६ लिटरने काय होणार?" बरोबर आहे. ॲक्वेरियममुळे जिल्हा कोरडा पडत नाही. पण मे महिन्यात नळ दिवसाआड आला की ३६ लिटर म्हणजे काय, हे हंडे भरणाऱ्या आईला विचारा. आणि टँकपेक्षा मोठी गळती आपल्या डोळ्यांसमोर आहे: होस्टेलचा, मेसचा, कॉलेजचा आरओ. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच सांगितलं होतं की, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओ नको, आणि जिथे तो वापराल तिथे किमान ६० टक्के पाणी कामात आलं पाहिजे. आपल्या कॉलेजातल्या मशीनमधून किती टक्के पाणी कामात येतं, हे कुणी मोजलंय?

तर या रविवारी एवढंच करा. एक बादली आरओच्या शुद्ध नळीखाली, एक रिजेक्टखाली. अर्ध्या तासाने दोन्ही मोजा. नळाचा टीडीएसही लिहून ठेवा. हे तीन आकडे घेऊन सोमवारी प्राचार्यांकडे जा आणि रिजेक्टसाठी एक टाकी मागा. आणि रूमवरच्या गप्पींना बादलीत रात्रभर ठेवलेलं साधं नळाचं पाणी द्या. त्यांची काही तक्रार नसते.