ओळख मागणाऱ्यालाही मर्यादा हवी



युरोपीय संघाच्या 2024 सालच्या विनियमानुसार प्रत्येक सदस्यदेशाने 2026 संपेपर्यंत आपल्या नागरिकांना किमान एक डिजिटल ओळख-वॉलेट उपलब्ध करून द्यायचे आहे. वॉलेट म्हणजे मोबाइलवरील असे अ‍ॅप, की ज्यात ओळखपत्र, वाहन परवाना, पदवी प्रमाणपत्र यांसारखी डिजिटल स्वाक्षरीने प्रमाणित केलेली कागदपत्रे राहतात आणि मागणी झाल्यावर धारकाला ती, किंवा त्यांतील एखादाच तपशील, दाखवता येतो. या विषयावरील बहुतेक चर्चा कोणत्या देशाच्या वॉलेटमध्ये किती कागदपत्रे मावतात आणि किती लोकांनी ते उतरवून घेतले, एवढ्याच हिशेबावर थांबते. ही मोजपट्टी अपुरी आहे. ओळख मागणाऱ्या संस्थेवर कायदा कोणती बंधने घालतो आणि वॉलेट न वापरणाऱ्याची वाट कितपत मोकळी ठेवतो, हीच अशा व्यवस्थेची खरी कसोटी होय. स्वित्झर्लंड आणि त्याच्या शेजारी देशांचा अनुभव हेच सांगतो.

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न थेट जनतेसमोर गेला. डिजिटल ओळख देण्याचे काम सरकारी परवाना घेतलेल्या खासगी कंपन्यांकडे सोपवणारा कायदा 7 मार्च 2021 रोजी 64.4 टक्के मतदारांनी फेटाळला. विरोध तंत्रज्ञानाला नव्हता. पासपोर्टसारखे सार्वजनिक काम नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांच्या हाती जाऊ नये, असा होता. त्यानंतर आखलेल्या नव्या कायद्यात ओळख देण्याची जबाबदारी संघराज्य सरकारने स्वतःकडे घेतली, धारकाचे ओळखपत्र त्याच्याच मोबाइलमध्ये राहील असे ठरवले आणि वापर ऐच्छिक व विनामूल्य ठेवला. तरीही 28 सप्टेंबर 2025 रोजी हा कायदा जेमतेम 50.4 टक्के मतांनी संमत झाला. एकदा गेलेला विश्वास सुधारित मसुद्यानेही सहजासहजी परत मिळत नाही, हा त्या निसटत्या बहुमताचा अर्थ आहे.

जर्मनीत नोव्हेंबर 2010 पासून चिप असलेले ओळखपत्र दिले जाते. ते मोबाइलला टेकवून सहा अंकी पिन टाकण्यापूर्वी माहिती कोण मागते आहे आणि नेमकी कोणती मागते आहे, हे धारकाला पडद्यावर दिसते. मागणाऱ्या संस्थेला त्यासाठी आधी सरकारी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. वयाची खात्री करायची असेल, तर जन्मतारीख न कळवता ‘वयोमर्यादा पूर्ण आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर कार्डाकडून जाते. संघाच्या विनियमानेही संस्थांना नोंदणी सक्तीची केली असून नोंदवलेल्या माहितीपलीकडे काही मागण्यास मनाई केली आहे. मात्र त्याचा भर नोंदणीवर आहे, जर्मनीचा पूर्वपरवानगीवर. हा फरक मोठा आहे, कारण नोंदणीत संस्था आपली गरज स्वतः जाहीर करते, तर परवानगीत ती गरज दुसरा कोणी तपासतो.

ऑस्ट्रियाने 2004 च्या ई-शासन कायद्यापासूनच निराळा मार्ग धरला. तेथे नागरिकाच्या मूळ क्रमांकापासून प्रत्येक शासकीय क्षेत्रासाठी वेगळा क्रमांक गणिती पद्धतीने तयार केला जातो. करखात्याकडचा क्रमांक आरोग्यखात्याकडच्या क्रमांकाशी जुळत नाही आणि त्यावरून मूळ क्रमांक उलटा काढता येत नाही. दोन खात्यांनी परस्पर नोंदी जोडून एखाद्या व्यक्तीचे संपूर्ण चित्र उभे करण्याची वाट त्यामुळे रचनेतच अडते. फ्रान्सच्या ‘फ्रान्स आयडेंटिटे’ या अ‍ॅपमधील एक सोयही जवळून पाहण्याजोगी आहे. घरमालकाला किंवा बँकेला ओळखपत्राची प्रत देण्याऐवजी नागरिक त्यातून एकदाच वापरायचा ओळख-दाखला काढतो, ज्यावर तो कोणाला, कशासाठी आणि कोणत्या मुदतीपर्यंत दिला आहे, याची नोंद असते; तो दुसऱ्याच्या हाती पडला तरी निरुपयोगी ठरतो. याउलट इटलीत ‘स्पिड’ ही ओळखव्यवस्था सुरुवातीपासून मुख्यतः खासगी पुरवठादारांवर उभी राहिली आणि 2025 मध्ये त्यांपैकी काहींनी वार्षिक शुल्क लावले. शासकीय सेवेच्या दाराशीच खासगी शुल्क उभे राहण्याचा हा धोका स्विस मतदारांनी आधीच ओळखला होता.

बंधने वाढली की सोय घटते, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि त्यासाठी जर्मन कार्डाच्या कमी वापराचा दाखला दिला जातो. परंतु तेथील अडचण अधिकारपत्रामुळे आलेली नाही. 2017 पूर्वी बहुसंख्य कार्डांवर ही सोय बंदच ठेवलेली असे, ती स्वीकारणाऱ्या सेवा थोड्या होत्या, आणि विसरलेला पिन पत्राने बदलून देण्याची मोफत सेवा 2023 च्या अखेरीस खर्चाच्या कारणाने थांबवण्यात आली. सप्टेंबर 2021 मध्ये घाईने आणलेले वाहन परवान्याचे वॉलेट सुरक्षेविषयीच्या आक्षेपांमुळे काही दिवसांतच मागे घ्यावे लागले, हेही विसरता येत नाही. दोष अंमलबजावणीचा असताना खापर गोपनीयतेवर फोडणे न्याय्य नाही.

ही तुलना महाराष्ट्राला परकी नाही. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. खासगी संस्थांना आधार वापरू देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केली, आणि खरा क्रमांक न देता पडताळणी करता यावी म्हणून सोळा अंकी आभासी क्रमांकाची सोयही उपलब्ध आहे. तरीही लॉजच्या काउंटरवर आधारची झेरॉक्स आजही सर्रास मागितली जाते व निमूटपणे दिली जाते. ती प्रत पुढे कोणाच्या हाती जाते, हे देणाऱ्याला कधीच कळत नाही. संरक्षणाचे साधन नागरिकाच्या हाती देऊन भागत नाही. मागणाऱ्याचा हात कायद्याने धरावा लागतो, तोही तक्रार येण्याआधी.

म्हणून भारतात डिजिटल ओळखीचा विस्तार करताना तीन गोष्टी कायद्यातच नमूद व्हायला हव्यात. ओळख मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने कोणती माहिती कशासाठी हवी हे सांगून आगाऊ परवानगी घ्यावी. जिथे ‘होय’ किंवा ‘नाही’ पुरते, तिथे पूर्ण कागद मागण्यास मनाई असावी. आणि प्रत्यक्ष येऊन साधे ओळखपत्र दाखवणाऱ्याला कोणतीही सेवा नाकारता येऊ नये. नव्या अ‍ॅपची घोषणा होण्यापूर्वी या तरतुदींचा मसुदा लोकांसमोर चर्चेसाठी ठेवला जावा आणि मराठी वृत्तपत्रांनी त्यासाठी आग्रह धरावा.

— एक वाचक, पुणे