घरातील उंदीर आणि भूतदयेचा हिशेब

महागाई, शिक्षण आणि निवडणुका असे विषय समोर असताना घरात शिरणाऱ्या उंदरावर वृत्तपत्राची जागा खर्च करावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि समाजाच्या नीतिमत्तेची परीक्षा मोठ्या प्रसंगांपेक्षा नित्याच्या व्यवहारांतच अधिक चोख होते. ज्याच्याविषयी कोणालाही प्रेम नाही आणि ज्याची बाजू मांडणारा कोणी नाही, अशा जिवाशी आपण कसे वागतो, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक ठरत नाही. भाद्रपदात गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाला नमस्कार करणारे घर आश्विनात त्याच्याच भाऊबंदांसाठी बाजारातून चिकट फळी आणते. ही विसंगती हसून सोडून देण्याजोगी नाही.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. उंदराला घरात सुखाने नांदू द्यावे, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगने केलेला संहार महाराष्ट्र विसरलेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत त्याच रोगाने पुन्हा भीतीचे सावट पसरवले होते. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचे बळी घेतले. त्या रोगाचे जंतू उंदराच्या मूत्रातून पसरतात, हे आता सर्वज्ञात आहे. धान्याची नासाडी आणि कुरतडलेल्या विजेच्या तारा हे नुकसान आणखी वेगळे. तेव्हा उंदीर घराबाहेर असला पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो त्याला बाहेर ठेवण्याच्या रीतीचा.

सध्या सर्वाधिक सोयीची मानली जाणारी रीत म्हणजे चिकट फळी. न सुकणाऱ्या गोंदाचा थर दिलेला हा पुठ्ठा उंदराला मारत नाही. केवळ जागी खिळवतो. मरण येते ते तहान, थकवा आणि श्वास कोंडणे यांमुळे, कित्येक तासांनी आणि कधी कधी दिवसांनी. सुटण्याच्या धडपडीत कातडी सोलवटते, हाडे मोडतात. पुष्कळदा ती फळी जिवंत प्राण्यासह कचऱ्याच्या डब्यात टाकली जाते आणि पुढचे दृश्य पाहण्याची वेळ सफाई कामगारावर येते. शिवाय गोंदाला आपपर भाव नसतो. पाल, चिमणी आणि झुरळे खाऊन आपल्यावर उपकारच करणारी चिचुंद्री याही त्यात सापडतात. चिचुंद्री हा उंदीर नव्हे, कीटकभक्षी प्राणी होय, हेही अनेकांना ठाऊक नसते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक परिचित तत्त्व आठवेल. वस्तूची बाजारातील किंमत आणि तिचा खरा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाने न सोसलेला खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये आपल्या ग्रंथात या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. चिकट फळी स्वस्त वाटते, याचे कारण तिचा मोठा खर्च एक मुका प्राणी वेदनेच्या रूपाने आणि एक सफाई कामगार रोगाच्या धोक्याच्या रूपाने भरत असतो. वेदना नाण्यांत मोजता येत नाही, म्हणून ती हिशेबातून वगळावी, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

कायद्याने हा विचार केलेला नाही, असे नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकारातून आलेल्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांना अनावश्यक वेदना देणे हा अपराध ठरवला. याच कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये राज्यांना चिकट फळ्यांच्या विरोधात पत्रे धाडली. परदेशांतही हाच प्रवाह दिसतो. न्यूझीलंडने २०१५ पासून त्यांच्या विक्रीवर व वापरावर निर्बंध घातले, वेल्सने २०२३ मध्ये बंदी आणली आणि इंग्लंडमध्ये २०२२ साली संमत झालेला कायदा ३१ जुलै २०२४ पासून अमलात आला. आपल्या १९६० च्या कायद्याने मात्र पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला. त्या काळी ही रक्कम कारकुनाला जाणवण्याजोगी होती. पुढे महागाईने ती अशी काही कुरतडली, की तिचा धाक उरला नाही. रकमेत लिहिलेली शिक्षा काळाबरोबर आपोआप माफ होत जाते, हा धडा कायदे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवा.

विषाचा मार्ग याहून सौम्य आहे काय? तसे म्हणता येत नाही. १९४८ च्या सुमारास प्रचारात आलेले वॉरफरिन आणि त्याच्या कुळातील नवी विषे रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करतात. प्राणी काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. झिंक फॉस्फाइडमुळे पोटात विषारी वायू तयार होतो. पिवळ्या फॉस्फरसाचा लेप माणसाच्या यकृतावर घाला घालतो, आणि घरात लहान मूल असेल तर हा धोका किती मोठा, हे सांगण्याची गरज नाही. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या तोंडी गेला, तर उंदरांवर निसर्गाने नेमलेला पहारेकरीच मरतो. शेतकऱ्याचे रक्षकच मारून उंदीर आटोक्यात आणू पाहणे यात शहाणपण नाही.

मग जिवंत पकडणारा जुना पिंजरा उरतो. भूतदयावादी मंडळींचा कल सहसा त्याच्याकडे असतो; परंतु येथेही आत्मवंचनेला जागा आहे. रात्रभर पिंजऱ्यात अन्नपाण्याविना अडकलेला एवढासा जीव भीतीने आणि थंडीने सकाळपर्यंत मरू शकतो. दूरच्या माळरानावर सोडलेल्या उंदराला ना बीळ ठाऊक, ना अन्न. त्याचे आयुष्य बहुधा फार थोडे उरते. शेजारच्या वाड्याच्या भिंतीपाशी सोडला, तर आपला उपद्रव दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यापलीकडे आपण काही साधत नाही. पकडलेली मादी असेल, तर माळ्यावरच्या रद्दीत तिची पिले उपाशी मरतात. शिवाय घाबरलेला प्राणी मूत्र विसर्जित करतो आणि त्यातून रोगजंतू पसरू शकतात. याच कारणास्तव अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र चिकट फळी आणि जिवंत पकडणारा पिंजरा या दोहोंचीही शिफारस करत नाही. पिंजरा लावावयाचाच, तर तो वारंवार पाहावा, वर कापड टाकावे, हातमोजे घालावेत आणि घरातील वाट बुजवून मगच प्राण्याला जवळपासच्या मोकळ्या जागेत सोडावे. उपद्रव फार वाढला असेल आणि मारणे अटळ असेल, तर क्षणात जीव घेणारा मजबूत सापळा हा विष आणि गोंद यांपेक्षा निश्चित दयाळू होय. हे वाक्य अनेकांना कठोर वाटेल. परंतु डोळ्यांआड होणाऱ्या दीर्घ यातनेपेक्षा त्वरित मृत्यू बरा, हे मान्य करण्याचे धैर्य दयेतही असावे लागते.

खरा उपाय मात्र उंदीर घरात शिरण्यापूर्वीचा आहे. घरातील लहान उंदीर पेन्सिलच्या जाडीएवढ्या, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. मादीचा गर्भकाल अवघा तीन आठवड्यांचा आणि एका वेतात पाच-सहा पिले. ती पिलेही दीड-दोन महिन्यांत वंश वाढवू लागतात. अशा प्राण्याशी संख्येची शर्यत लावून माणूस जिंकणार नाही. त्याची संख्या ठरते ती अन्न आणि आसरा यांवरून. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात झालेल्या अभ्यासातून हेच दिसून आले. मारून कमी केलेले उंदीर पुन्हा पूर्वीच्या संख्येला पोहोचले. घरांची दुरुस्ती आणि कचऱ्याची व्यवस्था केली तेथे मात्र ती घट टिकली.

संख्येवर भर देण्याचा परिणाम हनोई शहराने १९०२ मध्ये अनुभवला. फ्रेंच सरकारने प्लेगच्या भीतीने उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे इनाम जाहीर केले. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर फिरू लागले. लोक शेपटी कापून प्राणी सोडून देत होते, आणि काहींनी तर उंदरांची पैदास सुरू केली होती. मुंबईत महापालिकेसाठी काम करणाऱ्या रात्रपाळीच्या मूषकसंहारकांचा रोज तीस उंदरांचा कोटाही प्रसिद्ध आहे. अंधाऱ्या गल्लीबोळांत, रोगाचा धोका पत्करून राबणाऱ्या त्या माणसांच्या कष्टांविषयी आदरच वाटतो. परंतु मेलेले उंदीर मोजणे सोपे आणि बुजवलेली बिळे मोजणे अवघड, म्हणून शासनाने पहिल्याच गोष्टीला यश समजावे, हे योग्य नव्हे.

घरापुरते पाहिले, तर करावयाच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. मोरीला घट्ट जाळी बसवावी. पाण्याचे आणि गॅसचे नळ भिंतीतून जातात तेथील फटी भांडी घासण्याच्या तारेचा चोथा व सिमेंट यांनी बुजवाव्यात. दाराखालच्या फटीला पट्टी लावावी. धान्य झाकणाच्या डब्यांत ठेवावे आणि खरकटे रात्रभर उघडे राहू देऊ नये. माळ्यावरची रद्दी वर्षातून दोनदा तरी हलवावी. उंदीर कोठून येतो हे कळत नसेल, तर रात्री भिंतीच्या कडेने थोडे पीठ भुरभुरावे. सकाळी पावलांचे ठसे वाट दाखवतात. या कामाला पैसा थोडा लागतो. लागते ते लक्ष. आणि एका घराने बिळे बुजवून शेजारच्याने कचरा उघडा ठेवला, तर श्रम वाया जातात. म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या वादाइतकाच वेळ कचऱ्याच्या खोलीला आणि गटाराच्या झाकणांनाही मिळाला पाहिजे.

‘मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मांजराला निदान भूक तरी असते. आपल्या हातून होते ती हिंसा पुष्कळदा भुकेची नसून आळसाची असते. सहा मिलिमीटरची फट बुजवण्याचा कंटाळा आपण केला, म्हणून दुसऱ्या जिवाला रात्रभर तडफडावे लागते. भूतदया ही मृत्यूच्या क्षणी ढाळावयाच्या अश्रूंत नसून त्या क्षणाची गरजच पडू नये अशा दक्षतेत असते. शाळांनी हा धडा मुलांना दिला, शासनाने दंडाची रक्कम आजच्या मोलाची केली आणि दुकानदारांनी चिकट फळी मांडणीवरून काढली, तर त्यात उंदरांचे हित होईलच. पण घराच्या स्वच्छतेचा आणि मनाच्या निर्मळतेचा लाभ मुख्यतः आपल्याच पदरी पडेल.