चेकलिस्ट पाठ असली तरी वाचा

तुम्ही विमान चालवायला शिकणार असाल, किंवा तुमचं मूल बारामती-गोंदियाला ते शिकत असेल, तर कोलकात्याच्या दमदम विमानतळावर काय घडलं ते आधी ऐका.

जून 1968. पावसाळी रात्र. पॅन अ‍ॅमचं बोइंग 707 उतरत होतं. उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब होता 993 मिलिबार, म्हणजे पाऱ्याच्या इंचांत 29.32. प्रत्यक्षात मात्र 29.93 लावला गेला असावा, असं चौकशीत निघालं. 993 आणि 29.93, आकडे किती सारखे दिसतात! पण एवढ्या फरकाने मापक खऱ्यापेक्षा सुमारे सहाशे फूट जास्त उंची दाखवतं. विमान धावपट्टीच्या किलोमीटरभर अलीकडेच झाडावर आदळलं. सहा जण गेले.

वैमानिक नवशिके नव्हते. एकाने लावलेला आकडा दुसऱ्याने ताडून बघायचा असतो. तिथेच कसूर झाली असावी.

म्हणून चेकलिस्ट, म्हणजे तपासायच्या गोष्टींची यादी, पाठ झाली तरी हातात धरा. मोठ्याने वाचा. नुसतं ‘झालं’ म्हणू नका. दाब किती लावला, तो आकडा बोला. ज्या खटक्याचं नाव घ्याल, त्याला बोट लावा.

मध्येच कुणी हाक मारली, तर आठवेल तिथून पुढे जाऊ नका. पुन्हा पहिल्यापासून वाचा.

उड्डाणाआधी विमानाभोवती मारायची तपासणीची फेरी पावसाळ्यात तर अजिबात घाईत उरकू नका. टाकीच्या तळाचं थोडं इंधन काढून उजेडात धरा. पाणी असेल तर खाली बसलेलं दिसतं. पंख-शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या रोखून धरणारं कुलूप काढलंय ना, तेही बघा. 1935 मध्ये अमेरिकेत तसलंच कुलूप काढायचं राहिलं आणि बोइंगचं नवंकोरं विमान उडताच कोसळलं. वैमानिकांच्या हाती छापील चेकलिस्ट रुळली ती त्यानंतर.

आता घरच्यांना सांगतो. उड्डाणाचा एकेक तास महाग असतो. कर्ज काढलेलं असतं. मुलांना ते ठाऊक असतं, आणि घाई होते ती त्यापायीच. तेव्हा ‘किती तास झाले?’ असं रोज विचारू नका. उड्डाणाच्या वेळेला फोन करू नका. आणि लेक म्हणाली, ‘आई, यादीत एक गोष्ट जुळली नाही, आज उडले नाही,’ तर पैशांचा विषय काढू नका. नीट जेवून घे म्हणा.